हॉलच्या खिडकीचं ग्रिल

बीडमध्ये फ्लॅट घ्यायचं ठरलं तेव्हा मी स्वयंपाकघर नीट पाहिलं नाही, नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते विचारलं नाही, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही हे तर सामान वर चढवायच्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मी हॉलच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि तिथूनच बायकोला म्हणालो, "हाच घेऊ." बायको तेव्हा भांडी घासायची जागा कुठं आहे ते शोधत होती.

खिडकी होतीच तशी. भिंतीच्या या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत सरकत्या काचा, खाली गुडघ्याच्या जरासा वर येणारा काळ्या दगडाचा कट्टा, आणि पलीकडे पाली गावाच्या बाजूचे डोंगर. आमचा मजला दुसरा. एका कोपऱ्यात लांबवर बिंदुसरेच्या धरणाचं पाणी चमकायचं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी खिडकीशी न्यायचो, ते पाणी दाखवायचो आणि मग बसा म्हणायचो.

याला कारण आहे. माझा जन्म तलवाड्याचा. आमच्या तिथल्या घराची खिडकी जेवणाच्या ताटाएवढी होती, तिला सागाचे गज होते आणि त्यातून शेजाऱ्याच्या म्हशीची पाठ दिसायची. ज्याचं सगळं बालपण म्हशीची पाठ बघण्यात गेलं, त्याला एकदम डोंगर दिसला की तो बिघडतो. मी बिघडलो. त्यातून आणखी एक घोटाळा झाला. आम्ही पोरं माळवदावरून पडलो, बैलगाडीतून पडलो, चिंचेवरून तर रांगेनं पडलो, पण खिडकीतून कुणी पडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या खिडकीतून मांजर जायची मारामार. त्यामुळे खिडकी ही पडण्याची जागा असते हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. आणि मी शाळेत विज्ञान शिकवतो. गुरुत्वाकर्षण हा माझा आवडता धडा.

खिडकीला ग्रिल होतं, हे सांगायला पाहिजे. बिल्डरनं दिलं होतं. ते काढलं मी.

आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. एप्रिल लागला की घराघरांच्या खिडक्यांना बाहेरून कूलर लटकायला लागतात. आमच्या ग्रिलमुळं कूलर खिडकीला भिडेना, म्हणून मी नटबोल्ट खोलून घेतले, ग्रिल गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलं आणि त्या जागी कूलर बसवला. उन्हाळा संपला, कूलर उतरवला. त्या दिवशी मला माझी खिडकी पहिल्यांदा उघडी सापडली. मध्ये एकही सळई नाही. डोंगर जणू दिवाणावर येऊन बसलेला. मी त्यापुढं खुर्ची टाकून चहा प्यायलो आणि मनाशी म्हणालो, ग्रिल काय, बसवू की सावकाश.

आमची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली, त्यामुळे तिच्या बापाला कुणी पाहिलं तर आजोबाच समजायचं. पोरगी चढण्यात पटाईत. उशीवरून लोडावर, लोडावरून दिवाणावर, दिवाणावरून खिडकीच्या कट्ट्यावर. दिवाण खिडकीखालीच होता. तिथं वारं चांगलं लागतं म्हणून मीच तो तिथं ठेवला होता.

बायको रोज विचारायची, "ग्रिल कधी बसवताय?"

सुरुवातीला मी म्हणायचो, बघू. मग म्हणायला लागलो, वेल्डरला वेळ नाही. पुढं मला फार चांगलं कारण मिळालं. गच्चीवर बायकोनंच कुंडीत दोडक्याचा वेल लावला होता, तो टेकू शोधत शोधत त्या ग्रिलवर चढला आणि पिवळ्या फुलांनी भरला.

"आता कुठं फुलं लागलीत," मी म्हणालो. "ग्रिल ओढलं तर सगळा वेल जाईल."

"वेल माझा आहे. त्याचं मी बघते. तुम्ही ग्रिलचं बघा."

मग मी भाषण केलं. वर्गात करतो तसंच, एक हात मागं बांधून. घर म्हणजे काय तुरुंग आहे का, लेकरांना आभाळ दिसायला हवं, आपण लहानपणी कसे मोकळे वाढलो, वगैरे. बायकोनं चपातीचं पीठ मळता मळता सगळं ऐकून घेतलं.

"तिला आभाळ दिसतंय," ती म्हणाली. "माझं म्हणणं एवढंच आहे, की खालच्या फरशीवर ती दिसायला नको."

यावर मी मोबाईल काढून अभ्यास सुरू केला. आधुनिक, शास्त्रीय, खिडकीची शोभा न घालवणारे उपाय. व्हिडिओत परदेशातली गुटगुटीत बाळं गालिच्यावर शांत बसलेली असायची आणि एक आई खिडकीला टिकलीएवढं कुलूप चिकटवायची. मी ते कुलूप मागवलं. सोबत डासांची जाळीही मागवली, चौकटीला वेलक्रोनं चिकटणारी. जाळी लावून झाल्यावर मी दोन बोटांनी दाबून पाहिली. डास नक्कीच आत येणार नव्हता. पोरगी बाहेर जाणार नाही हे मी तिच्याकडं बघूनच ठरवून टाकलं, कारण जाळी दिसायला भिंतीसारखी दिसत होती.

कुलूप मी दुपारी चिकटवलं. संध्याकाळी शाळेचे पेपर तपासत बसलो होतो, तर पोरगी जवळ आली आणि ते कुलूप माझ्या हातात देत म्हणाली, "बाबा, हे पडलं." तिनं ते इतक्या काळजीनं आणून दिलं होतं की मला तिचे आभार मानावे लागले.

तेव्हा मी ठरवलं, यंत्रावर भरवसा नको, मुलीला समजावून सांगायचं. लेकरू लहान असलं तरी प्रयोगातून शिकतं, हे माझं शाळेतलं आवडतं वाक्य. मी स्वयंपाकघरातून एक पिकलेला टोमॅटो आणला, तिला कडेवर घेतलं, जाळीचा कोपरा सोडवला आणि म्हणालो, "बघ हं, खिडकीतून पडलं की काय होतं." टोमॅटो सोडला. खाली फरशीवर त्याचा पचका झाला. पोरगी वाकून खाली बघत राहिली. मला वाटलं, समजलं. मग ती टाळ्या वाजवून म्हणाली, "अजून!"

खाली तळमजल्यावर, सगळी बिल्डिंग जिला खाला म्हणायची, ती बाई राहायची. तिचं फळांचं काम. नवरा हातगाडीवर विकायचा आणि ती अंगणात बसून माल निवडायची. ते सीताफळाचे दिवस होते, अंगणभर पाला आणि फळांचे ढीग. तिथंच तिची शेळी बांधलेली असायची, आणि तिचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू. खालानं त्या टोमॅटोकडं बघितलं, मग वर माझ्याकडं.

"मास्तर, टमाटे लई झालेत का घरात?"

त्या प्रयोगानंतर खाली काय काय पडायला लागलं ते विचारू नका. वाटी, टीव्हीचा रिमोट, बायकोची एक चप्पल, माझा चष्मा. आमची मुलगी जाळीचा कोपरा सोडवायला माझ्याकडूनच शिकली होती. कोपऱ्यातून हात बाहेर काढायचा, वस्तू सोडायची आणि कान लावून ऐकायचं. दर वेळी खाला वस्तू पुसून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवायची. मी घाईघाईनं जाळीला आणखी वेलक्रो लावलं.

त्याच सुमारास माझे वडील, आबा, तलवाड्याहून आले. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावलेला. ऑपरेशन झालेल्या माणसानं जड उचलायचं नसतं म्हणून त्यांनी स्वतः काही उचललं नव्हतं. कंडक्टरला उचलायला लावून ते ज्वारीचं एक पोतं घेऊन आले होते. पोतं ठेवायला घरात जागा कुठं? त्यांनी ते हॉलमध्ये खिडकीखाली, दिवाणाला लावून ठेवायला सांगितलं. म्हणजे पोरीला आणखी एक पायरी झाली.

आबांनी काळ्या चष्म्यातून खिडकी पाहिली. "कावून रं एवढी मोठी खिडकी? बैलगाडी काढायची का हितून?"

बायकोला बरं वाटलं. तिनं आबांपुढं सगळी तक्रार मांडली. आबांनी शांतपणे ऐकलं आणि उपाय सांगितला. "पोरीला बांधून ठिवायचं."

"आबा!"

"काय आबा? ह्याला बी बांधलं व्हतं. रानात आमी काम करायचो, इहीर जवळच. ह्याच्या कंबरंला धोतर बांधून दुसरं टोक बाभळीला. दिसभर बसायचा गप."

मी बायकोकडं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाळेला, कचेरीला गेल्यावर आबांनी प्रयोग करून पाहिला. उपरण्याचं एक टोक पोरीच्या कंबरेला, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. आबांना दुपारी डुलकी लागली. जागे झाले तेव्हा उपरण्याचं तिच्याकडचं टोक दिवाणाच्या पायाला बांधलेलं होतं आणि पोरगी ज्वारीच्या पोत्यावर उभी राहून खालच्या पिल्लाला हाका मारत होती. आबांनी नातीचं फार कौतुक केलं. "गाठ सुटली ते सोड, पर तिनं पुन्ना बांधली बघ!"

त्यानंतर एक रविवार आला. बायको भाजी आणायला निघाली आणि दारातून म्हणाली, "निदान तो दिवाण तरी हलवा आज. आणि पोतं." मी म्हणालो, आज सगळंच करून टाकतो. माझ्यात उत्साह आला होता. दिवाण हलवायचा, पोतं हलवायचं, आणि जाळी वेलक्रोवर न ठेवता चौकटीत स्क्रू मारून पक्की करायची.

दिवाण मी एकट्यानं ओढला आणि तो मध्येच, खोलीच्या पोटात अडकला. पोतं ओढायला गेलो तर त्याचं तोंड सुटलं आणि हॉलभर ज्वारी पसरली. तरी मी खचलो नाही. जाळीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून खिडकीखाली स्टूल ठेवलं. काच पूर्ण सरकवली, म्हणजे काम नीट करता येईल. स्टुलावर चढलो आणि लक्षात आलं की स्क्रू-ड्रायव्हर स्वयंपाकघरात आहे.

"आबा, जरा हिच्याकडं बघा. आलोच मी."

"बघतो की," आबा दिवाणावरून म्हणाले. त्यांनी नुकतंच डोळ्यात औषध टाकलं होतं आणि औषध टाकल्यावर डोळे मिटून पडायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. ते अगदी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पडले होते.

स्क्रू-ड्रायव्हर फळीवर नव्हता. डब्यात नव्हता. शोधत असतानाच खालून खालाचा आवाज आला, आणि मी थांबलो. खालाचा आवाज गल्लीला ओळखीचा. उधारी मागणाऱ्यांना ती तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल असं उत्तर द्यायची. त्या दिवशी तो आवाज लोण्यासारखा मऊ होता.

"अगं माझे चिमणे, तू आलीस व्हय? पिल्लू पाह्यजे का तुला? थांब हं. थांब तितंच."

मी हॉलच्या दारात आलो. माझी मुलगी कट्ट्यावर उभी होती. दोन्ही तळवे आणि कपाळ जाळीला टेकवलेलं, जाळी तिच्या भारानं बाहेर फुगलेली. खालच्या एका कोपऱ्यातलं वेलक्रो बारीक आवाज करत सुटत होतं. तो आवाज मला आजही ऐकू येतो. तिच्यापुढं जाळीखेरीज काही नव्हतं.

मला ओरडायचं होतं. माझा आवाज मोठा आहे, सत्तर पोरांचा वर्ग एका हाकेत गप्प होतो. त्या वेळी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. आता वाटतं, माझ्या आयुष्यात मी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही न जमलेली हाक. ओरडलो असतो तर ती दचकून वळली असती.

"उभ्या पोरीला न्हाई दावत मी पिल्लू," खाला खालून म्हणत होती. "खाली बस. बस बघू गुमान. बसलं की दावते."

पोरीनं थोडा विचार केला. मग जाळीला हात धरूनच हळूहळू कट्ट्यावर बसली. जाळीवरचा भार कमी झाला.

मी निघालो, तोही चालत नाही, रांगत. का रांगलो ते मला सांगता येणार नाही. आपण दिसलो नाही तर ती हलणार नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. पण खाली सगळीकडं ज्वारी. गुडघ्यात दाणे रुतत होते, तळहाताखालून घरंगळत होते, आणि मी पुढं जायचं तिथं बाजूला सरकत होतो. तेवढंसं अंतर संपेना. शेवटी हात पोचला. आधी फ्रॉक धरला, मग पाय, आणि तिला आत ओढलं. ती माझ्यावर पडली, मी स्टुलावर पडलो, स्टुलाचा पाय जाळीला लागला आणि जाळी चौकटीतून निघून तरंगत खाली गेली. नुसत्या धक्क्यानं गेली. जिच्या भरवशावर मी रोज निवांत शाळेला जात होतो ती जाळी.

खालून शेळीचं ओरडणं ऐकू आलं. जाळी तिच्या अंगावर पडली होती.

"काय पडलं रं?" आबांनी डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही, आबा."

"मंग तू कावून खाली निजलास?"

मी खालीच होतो. पोरीला पोटावर घट्ट धरलं होतं. पोरगी सुटायला धडपडत होती. तिचं म्हणणं बरोबर होतं. ती सांगितल्याप्रमाणे बसली होती, आणि तिला पिल्लू दाखवायचं राहिलं होतं.

खाला जाळी हातात घेऊन जिने चढून वर आली. धापा टाकत. आली तशी खाली बसली आणि पोरीला माझ्या अंगावरून ओढून स्वतःच्या मांडीवर घेतलं. पाणी मागितलं. आबा उठले, चाचपडत माठापाशी गेले आणि पाणी घेऊन आले. पाणी पिऊन झाल्यावर खालाचा नेहमीचा आवाज परत आला, आणि त्या आवाजात काय काय झालं ते सगळ्या बिल्डिंगला कळलं.

"मास्तर, म्या खाली ओढणी पसरून उभी व्हते, हाय का ठाऊक? दोन्ही हातानं. वर तोंड करून तिच्याशी बोलते, आन् मनात म्हणते, या ओढणीत काय लेकरू झेललं जाईल का?" एवढं बोलून ती रडायला लागली. आबांनी काळा चष्मा काढून डोळे पुसले, जे डॉक्टरांनी करू नका म्हणून सांगितलं होतं.

बायको यायची वेळ झाली. आम्हा तिघांचं असं ठरलं, की ती आल्याबरोबर काही सांगायचं नाही. पिशवी ठेवू द्यायची, बसू द्यायचं, चहा द्यायचा, मग सांगायचं. ती आली. दारात चपला काढतेय तोवर पोरगी तिच्याकडं पळाली.

"आई, बाबा घोडा झाले. आणि रडले."

मी रडलो होतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

बायकोनं एकेक करून सगळं पाहिलं. उघडी खिडकी, आडवं पडलेलं स्टूल, खालाच्या शेजारची जाळी, माझ्या पँटच्या गुडघ्यांना चिकटलेली ज्वारी. मी बोलायला तोंड उघडलं. तिनं भाजीची पिशवी माझ्या हातात दिली आणि ती जिना चढून गच्चीवर गेली. खाला तिच्या मागं गेली.

वरून वेल उपटण्याचा आवाज यायला लागला. मी पोरीला घेऊन आबांच्या जवळ बसून राहिलो. मला वर जावंसं वाटत होतं, पण त्या दोघींच्या मध्ये उभं राहण्याची माझी छाती नव्हती. थोड्या वेळानं ग्रिल भिंतीला खडखडत जिन्यातून खाली आलं, एक टोक बायकोच्या हातात, एक खालाच्या. त्याच्यात अजून वेलाचे दोर गुंतलेले होते आणि एक कोवळा दोडका लोंबत होता.

रविवारी वेल्डर मिळणार नव्हता. बायको म्हणाली, तो उद्या येईल, पण ग्रिल आज बसेल. मग आम्ही ते आतल्या बाजूनं चौकटीला लावून बांधून टाकलं. पोतं ज्या दोरीनं बांधून आणलं होतं ती आबांनी काढून दिली आणि गाठी स्वतः मारल्या. मी ग्रिल धरून उभा होतो. माझ्याकडं तेवढंच काम सोपवलं होतं. त्यातही मला सारखं सांगितलं जात होतं, की सरळ धरा.

दुसऱ्या दिवशी वेल्डरनं ग्रिल बाहेरून पक्कं केलं. सळयांमधली फट मोठी वाटली म्हणून बायकोनं मध्ये आणखी सळया घालून घेतल्या, आणि एका बाजूला आतून उघडणारा छोटा दरवाजा करून घेतला, वरच्या अंगाला कडी असलेला. घरात आग लागली तर माणसांना बाहेर पडता आलं पाहिजे, असं तिनं वेल्डरला सांगितलं. हे तिच्या डोक्यात कधीपासून होतं कुणास ठाऊक. मी फक्त कोणता रंग द्यायचा ते विचारलं. दिवाण समोरच्या भिंतीला गेला. पोतं स्वयंपाकघरात गेलं. खिडकीखाली आता फरशी सोडून काही नव्हतं. पोरगी काही दिवस तिथं उभी राहून कट्ट्याकडं बघायची, मग तिला टेबलाचा शोध लागला. तेही समोरच्या भिंतीला ढकललं.

आबांचा चष्मा निघाला त्या सकाळी ते ग्रिलपाशी चहाचा कप घेऊन उभे राहिले. मी त्यांना नव्या डोळ्यांनी धरणाचं पाणी बघा म्हणालो. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"पाणी कुठंय? पत्रा हाय तो. मंगल कार्यालयाचा."

मी निरखून पाहिलं. पत्राच होता. कितीतरी पाहुण्यांनी मान डोलावून ते पाणी पाहिलं होतं.

त्या रविवारानंतर मला एक रोग जडला, तो अजून गेलेला नाही. कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी खिडक्यांवर जाते. खाली काय ठेवलंय, ग्रिल आहे का, जाळी कशानं लावलीय. लोक चहा देतात, मी पडदा सरकवून बाहेर वाकून बघतो. एका मित्राच्या बायकोला वाटलं, मी शेजारच्या घरात डोकावतोय.

मागच्या वर्षी गेवराईला चुलत भावानं हायवेच्या कडेला दुमजली घर बांधलं. वास्तुशांतीला आम्ही गेलो. खाली पूजा चाललेली, पंगतीची तयारी, आणि मी सवयीनं वरच्या मजल्यावर. वरच्या खोलीत मोठी खिडकी, ग्रिल नाही, खिडकीला लागून नवा पलंग आणि त्या पलंगावर भावाचा नातू उड्या मारत होता. मी आधी त्याला उचलून जिन्याशी असलेल्या त्याच्या आईकडं दिलं. मग परत येऊन पलंग ओढायला लागलो. सागवानी पलंग, हलेना. तेवढ्यात वहिनी वर आल्या.

"भाऊजी, काय चाललंय हे?"

खरं सांगायचं तर खरं सांगता आलं नाही. नवं घर, पूजेचा दिवस. अशा दिवशी कुणाच्या तोंडून "पोरगं पडेल" असं निघालं, तर त्या माणसाला परत कुणी बोलावत नाही. मी घामाघूम उभा होतो. वहिनी उत्तराची वाट बघत होत्या. आणि माझ्या, विज्ञानाच्या मास्तराच्या, तोंडातून निघालं:

"पलंग खिडकीखाली नसावा, वहिनी. लक्ष्मी टिकत नाही."

वहिनींचा चेहरा पडला. त्या जिन्यातूनच ओरडल्या, "अहो, वर या आधी!" भाऊ आला, त्याचे दोन मेहुणे आले, आणि बघता बघता पलंग पलीकडच्या भिंतीला लागला. मग भावानं आवाज खाली आणून विचारलं, "आणि खिडकीचं काय?"

"लोखंड पाहिजे," मी म्हणालो. "उभ्या सळया. दाट."

"किती दाट?"

मी मूठ वळून दाखवली, ही मधून जाता कामा नये. मेहुण्यांनी आपापल्या मुठी बघितल्या. मागं दारात माझी बायको मुलीचं बोट धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला, पण डोळे दिसत होते.

पंगतीत माझ्या शेजारी दोन अनोळखी माणसं येऊन बसली. एकाला तिजोरी कुठं ठेवू ते विचारायचं होतं, दुसऱ्याच्या बोअरला पाणी लागत नव्हतं. मी बोअरमधलं काही कळत नाही म्हणालो. त्यांना तो विनय वाटला.

आता मला फोन येतात. एकदा आमचं घर बघून जा म्हणतात. शाळेत जादूटोण्याविरुद्धचा फळा मी लिहितो, आणि सुट्टीच्या दिवशी खिशात टेप घालून लोकांच्या खिडक्या मोजायला जातो. बायको म्हणते, एक दिवस तुमचेच विद्यार्थी तुम्हाला धरतील. मी म्हणतो, धरू देत, पण सळया तर लागल्या. ती म्हणते, घरच्या सळया कुणी लावल्या ते तेवढं लोकांना सांगत जा. ते मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

परवा मधल्या सुट्टीत आमच्या हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. त्यांनी नवीन घर घेतलंय, तिसऱ्या मजल्यावर. त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, पण मिसेसचा आग्रह आहे.

"येतो की रविवारी," मी म्हणालो. "घरात लहान कोण कोण आहे, सर?"